गिअर कर्रर्र वाजतोय? गिअरबॉक्स उघडायच्या कागदावर इतक्यात सही करू नका

तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. २००२ची मियाटा (माझदाची दोन सीटची छोटी गाडी), पाच गिअरची, ओहायोतल्या कोलंबसची थंडी. दुसरा टाकताना कर्रर्र, सिग्नलला थांबल्यावर पहिला पटकन पडत नाही, रिव्हर्सचं तर नावच नको. आणि शॉपवाल्याने गाडी वर न उचलताच "सिंक्रो गेलेत, २८०० डॉलर" सांगून टाकलं (सिंक्रो म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली गती जुळवणारी कडी). तुम्ही विचारताय, गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करावा की जुन्या बाजारातला दुसरा बसवावा? माझं उत्तर: आज तरी दोन्ही नको. गिअरबॉक्सवर अजून गुन्हा सिद्ध झालेला नाही.

मी मेकॅनिक नाही, पोटासाठी डेटाबेस सांभाळते. तेव्हा पुढचं सगळं "मला असं झालं" या हिशेबाने वाचा. क्लच काय करतो, तेल कधी बदलायचं वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

माझी गाडी २००३ची, तुमच्यासारखीच पाच गिअरची. २०१० साली मिशिगनमध्ये घेतली, ६८ हजार मैल झालेली. मंडळातल्या एका काकांनी पार्किंगमध्ये गाडीभोवती फेरी मारून "यात पोळ्यांचा डबा कुठे ठेवणार?" असं विचारलं होतं. विकणाऱ्याने गळ्यात तीन वर्षांचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दुरुस्तीचा खर्च देण्याचा करार, बांधलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुमच्याकडेही असा कागद असेल तर आज रात्रीच त्यातलं बारीक अक्षर वाचा. विशेषतः "टेअरडाउन" (तपासणीसाठी भाग खोलणं) हा शब्द शोधा.

दुसऱ्या हिवाळ्यात कर्रर्र सुरू झालं. आधी फक्त सकाळी, मग दिवसभर, मग सगळ्याच गिअरना. शॉपमधल्या माणसाने चक्कर मारली आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लच पूर्ण दाबत नाही." मी सोळाव्या वर्षी बाबांच्या मारुती ८०० वर शिकले, पुण्यात लक्ष्मी रोडच्या गर्दीत. क्लच कसा दाबायचा हे मला याने सांगावं! मी इतकी चिडले की त्याच्या वाक्यातला खरा धागा माझ्या हातातून निसटला. क्लच खरोखरच पूर्ण सुटत नव्हता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नव्हतं, फक्त दोष माझ्या पायाचा नव्हता.

मग कॉन्ट्रॅक्टवाल्यांना फोन. ते म्हणाले, गिअरबॉक्सच्या आतले भाग कव्हर आहेत, पण आधी खोलून दाखवा, आमचा इन्स्पेक्टर येईल, मग ठरवू. खोलायची परवानगी मात्र गाडीमालकाने द्यायची. शॉपने कागद पुढे केला, मी सही केली. सगळ्या प्रकरणातली महागात पडलेली गोष्ट ती एक सही. कारण कलम असं होतं की आत कव्हर असलेला बिघाड निघाला तरच खोलायची मजुरी ते देणार, नाहीतर ती माझी.

इन्स्पेक्टर पाचव्या दिवशी आला, फोटो काढले आणि गेला. निकाल: सिंक्रोंची झीज वयाच्या मानाने नेहमीची, तुटलेलं काही नाही, क्लेम नामंजूर. मी फोन करत राहिले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. एकाने तर मला मागच्या मालकाच्या गिअर ऑइलच्या पावत्या मागितल्या! "कशाने आवाज येतोय?" या साध्या प्रश्नावर उत्तर एकच, ते बघणं आमचं काम नाही. शॉपवालाही तेच म्हणाला, मला गिअरबॉक्स खोलायला सांगितलं, मी खोलला.

खोलायचे आठ तास, ९० डॉलरने ७२०. जुना परत जुळवायला किट आणि मजुरी धरून जवळपास नव्याइतकाच खर्च, म्हणून जंकयार्डातला दुसरा ५००ला. बसवायचे ४५०, तेल आणि किरकोळ ६०. एकूण १७३० डॉलर. गाडी घेऊन निघाले, पहिल्याच स्टॉप साइनला थांबले, पहिला टाकला. कर्रर्र. तोच आवाज, तोच सूर. मी तिथेच गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

दोष होता क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नळीतून फ्लुइड ढकलतो आणि त्या दाबाने स्लेव्ह क्लच सोडवतो. ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्याच, बाजूला बाहेरून दोन बोल्टांवर बसवलेला, मुठीत मावेल एवढा तुकडा.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण इथेच सगळे फसतात. सिंक्रो म्हणजे पितळी कडं. गिअर पडण्याआधी ते गिअरच्या शंकूवर घासून दोन्हीकडची गती जुळवतं, मग दात एकमेकांत सरकतात. पण हे काम त्याला जमतं ते क्लचने इंजिन वेगळं केलेलं असेल तरच. क्लच थोडा जरी ओढत राहिला तरी त्या बिचाऱ्या कड्याला इंजिनशी कुस्ती खेळावी लागते. आवाज गिअरबॉक्समधून येतो, म्हणून आळही त्याच्यावरच जातो. आणि असंच चालवत राहिलात तर सिंक्रो खरंच झिजतात, शॉपवाल्याचं भाकीत उशिरा का होईना खरं ठरतं. म्हणून फार दिवस रेटू नका.

आता प्रयोग. सपाट जागा, पुढेमागे कोणी नाही, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. क्लच तळापर्यंत दाबा, पाच-सहा सेकंद थांबा, मग सावकाश रिव्हर्स टाका. एवढं थांबल्यावर आतलं सगळं शांत व्हायला हवं. तरीही कर्रर्र आलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. इंजिन बंद करून तोच रिव्हर्स लोण्यासारखा पडला तर शंका आणखी पक्की. मग पेडल तीन-चारदा भरभर पंप करून पुन्हा टाका. पंप केल्यावर सुधारलं तर हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे त्या फ्लुइडच्या यंत्रणेत, हवा किंवा गळती आहे असं मी तरी धरून चालेन. उलट, रिव्हर्स आणि बाकीचे गिअर गुपचूप पडतात आणि एकटा दुसराच कटकट करतो, असं असेल तर शॉपवाला बरोबर असू शकतो. तुमच्या लिहिण्यात पहिला आणि रिव्हर्स दोन्ही आलेत, म्हणून मी एवढं लांबण लावतेय.

हो, त्याच्याही आधी फ्लोअर मॅट काढा! हिवाळ्यातली जाड रबरी मॅट पेडलखाली गोळा झाली तरी क्लच तळाला जात नाही. हसू नका, आमच्या ओळखीत एकाचा प्रश्न तेवढ्यावर सुटलाय.

बॉनेट उघडून क्लचच्या फ्लुइडचं छोटं डबकं बघा, ब्रेकच्या डबक्याशेजारी वेगळं असतं. माझ्यातलं फ्लुइड कमी झालेलं आणि उकळून ठेवलेल्या कोऱ्या चहासारखं काळं. मग गाडी स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर घेऊन खाली शिरू नका, कृपा करून) टॉर्च लावला. स्लेव्हच्या टोकाला रबरी टोपी असते, ती नखाने जरा मागे केली तर आतून काळा ओघळ थेट माझ्या बाहीवर. नवरा वर पेडल दाबून बसला होता. पेडल त्याने धरून ठेवलेलं, तरी स्लेव्हचा रॉड डोळ्यांदेखत हळूहळू मागे सरकत होता. १७३० डॉलर त्या रॉडबरोबर परत जाताना दिसले मला.

ही काही माझ्या एकटीची कर्मकथा नाही. १९८९ला शिकागोच्या शोमध्ये ही गाडी आली तेव्हापासून २००५पर्यंतच्या पहिल्या दोन्ही पिढ्यांत स्लेव्ह बाहेरच आहे आणि तो गळणं हे मियाटावाल्यांना सर्दी-पडशाइतकं ओळखीचं दुखणं. बाहेर आहे हे आपलं नशीब. मस्टँगसारख्या काही गाड्यांत तो बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत असतो, तिथे ट्रान्समिशन उतरवल्याशिवाय सुटका नाही.

बदलायचाच तर मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही एकदम बदला. मी आधी फक्त स्लेव्ह बदलला आणि चार महिन्यांत मास्टरने मान टाकली. मधली रबरी नळीही फुगते, तीही त्याच वेळी. दुकानात दोन्ही सिलिंडर मिळून शंभर-सव्वाशे डॉलरच्या आत बसले होते, आजचा भाव तुम्ही बघा. बोल्ट हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजलेले असणार, आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

नवीन भाग बसवल्यावर फ्लुइडमधली हवा काढायला दोन माणसं लागतात आणि संसाराची परीक्षा होते. "दाब." "दाबलंय." "धरून ठेव, सोडू नकोस हं." मी ब्लीडर (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) सैल करायची, बुडबुडे यायचे, ब्लीडर बंद, मग "आता वर घे". पेडल आपोआप वर येत नाही, हाताने उचलावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिली दहा मिनिटं दोघंही एकमेकांवर खेकसत होतो. डबकं रिकामं होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून. आणि क्लचमध्येही ब्रेक फ्लुइडच असतं, ते रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. माझ्या डाव्या फेंडरवर अजून नाण्याएवढा डाग आहे.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. मॅन्युअलमध्ये जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर तेलाच्या दोन्ही प्रती चालतात असं आहे. मी ७५डब्ल्यू-९० जीएल-४च घालते. जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसवाले पदार्थ जास्त, पितळेला ते मानवत नाहीत अशी जुनी तक्रार आहे. नवीन तेलात तसं होत नाही असंही लोक भांडून सांगतात. पण लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण कमी करणारं रसायन, घातलेलं तेल गिअरबॉक्समध्ये चुकूनही नको, यावर मी अडून बसेन. सिंक्रोचं कामच घर्षणावर चालतं, त्याला साबण लावून काय उपयोग? पाच गिअरवालीत साधारण दोन लिटर बसतं. आणि आधी भरायचं बूच सैल होतंय का बघा, मगच खालचं काढा. उलटं केलंत तर रिकामा गिअरबॉक्स आणि न हलणारं बूच घेऊन बसाल.

क्लच शंभर टक्के सुटतोय आणि तरी फक्त थंड गाडीत दुसरा कुरकुरतो, तर तेवढं सोडून द्या. तेल घट्ट असतं, पहिली पाच मिनिटं सबुरीने टाका. खालच्या गिअरवर येताना डबल क्लच मारून बघा, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबा. लहानपणी लाल डब्यात पुढच्या सीटवर बसून खंबाटकी चढताना ड्रायव्हर काका दोनदा क्लच मारायचे, मला वाटायचं सवय आहे त्यांची. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना डबल क्लचने आवाज पूर्ण गेला आणि साध्या पद्धतीने लगेच परत आला, तर मात्र दुसऱ्याचा सिंक्रो खरोखर म्हातारा झालाय.

एक राहिलं. मास्टर, स्लेव्ह, नळी सगळं नवीन होऊनही रिव्हर्स वाजत असेल तर क्लचप्लेट किंवा पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक इंजिनाच्या बाजूला ज्यात फिरतं ते) बघावं लागेल आणि त्यासाठी ट्रान्समिशन उतरवावंच लागतं. तेव्हा शॉपला "उतरवा" म्हणा, "खोला" म्हणू नका. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि बिलात त्यांच्यामध्ये बरेच तास असतात.

माझा जुना गिअरबॉक्स शॉपने सुट्या भागांसकट प्लास्टिकच्या दोन टबांत भरून दिला होता. तो अजून गॅरेजमध्ये आहे, नवरा दर दिवाळीला फेकायला निघतो. दुसऱ्याचा सिंक्रो इन्स्पेक्टरच्या मते "नेहमीच्या झिजेचा" आहे. तुमचं प्रकरण खरंच आतलं निघालं तर येऊन घेऊन जा. कोलंबसहून तीन-साडेतीन तासांचा रस्ता, जेवूनच जा. पण आधी ती मॅट काढून रिव्हर्स टाकून बघा.