ओघळ बुजवण्याआधी

प्रश्न : आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत आम्ही दोघांनी ४० एकर जमीन घेतली. उतारावर मोठी ओघळ पडलीय. सरकारी मदत मिळते म्हणतात, पण नेमकं जायचं कुठे?

उत्तर : ताई, अमेरिकी कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून वेळ घ्या. आधी एफएसएकडे, म्हणजे शेतांची नोंद ठेवणाऱ्या विभागाकडे, खरेदीखत दाखवून फार्म नंबर काढा आणि एडी-१०२६ हा फॉर्म, म्हणजे धूप होणाऱ्या आणि पाणथळ जमिनीचे नियम पाळण्याची हमी, भरा. त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मग एनआरसीएस, म्हणजे माती-पाणी जपण्याचं काम बघणारा विभाग. त्यांचा माणूस शेतावर येऊन ओघळ बघतो, आराखडा सुचवतो, तोही फुकट. त्यांच्या इक्विप या अनुदान योजनेतून गवती पाणवाटेच्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या गवत लावलेल्या उथळ चराच्या, खर्चाचा काही भाग मिळतो. शेती सुरू करून १० वर्षं झाली नसतील तर वाटा वाढतो, आगाऊ रक्कमही मागता येते.

फक्त माझ्यासारखं करू नका. पाऊस तोंडावर आला म्हणून इक्विपच्या करारावर सह्या व्हायच्या आधीच मी बॅकहो, म्हणजे खोदाईचं यंत्र, लावला. काम झकास झालं, पण एक डॉलर मिळाला नाही. नियमच तसा आहे, कुणाला दोष देऊ?

सीआरपीचंही, म्हणजे जमीन पिकाखालून काढून गवत-झाडांखाली ठेवल्याबद्दल वार्षिक भाडं देणाऱ्या योजनेचंही, विचारून ठेवा, पण तो करार १० ते १५ वर्षांचा असतो. घरी बोलून मगच सही करा.