तेलाचा कॅन किती दिवस पुरतो?

ताई,
माझं वय ४४, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७० किलो. पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. आठ वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, गेल्या महिन्यात थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच २.८ आला. जाऊबाई म्हणतात दोनदाच जेव, मैत्रीण म्हणते दर दोन तासांनी खा, भाची किटो करते, शेजारच्या काकू रोज सकाळी दुधीचा रस पितात आणि सोसायटीतल्या एक बाई शेकचा डबा घ्या म्हणून मागे लागल्यात. श्रावणात मी दोनदा जेवण सुरू केलं, महिन्यात चार किलो उतरलं. दिवाळी झाली आणि पाच किलो परत. पोळी सोडून भाकरी धरली, सोमवार-गुरुवार उपास करते, तरी काटा हलत नाही. चहा तेवढा सुटत नाही, चार कप होतात. घरात आम्ही चौघं, पाच लिटरचा तेलाचा कॅन महिनाभर कसाबसा पुरतो, माझ्यासाठी वेगळं शिजवायला ना वेळ ना पैसे. यांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत, तेही आता दोनदाच जेवायचं म्हणतात. माझ्यातच निग्रह नाही का?
– गोंधळलेली, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

घर आणि नोकरी सांभाळून महिनाभर दोन जेवणांवर राहिलात. निग्रह नसलेल्या माणसाला हे जमत नाही. त्या चार किलोंचं काय झालं ते आधी समजून घ्या, म्हणजे स्वतःला बोल लावणं थांबेल. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम घटलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. निव्वळ चरबीचे चार किलो महिन्यात घालवायचे तर रोज हजारेक कॅलरी कमी पडाव्या लागतात. तुमची दिवसाची गरजच सतराशे-अठराशेच्या आसपास असणार. म्हणजे त्या चारमधला बराच भाग पाणी होता. दिवाळीत साठा भरला, चकली-चिवड्याच्या मिठाने पाणी धरून ठेवलं आणि काटा चढला. परत आलेले पाचही किलो चरबीचे नाहीत.

आता जाऊबाई आणि मैत्रीण. हे भांडण आपल्याकडे 'दीक्षित की दिवेकर' या नावाने घराघरांत झालेलं आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांच्या आधाराने सांगतात, की कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि रोज ४५ मिनिटं चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि हंगामातलं खायला सांगतात. ऐकायला ही दोन टोकं वाटतात. पण संध्याकाळी घरी आल्यावर फरसाणाच्या डब्यात जाणारा हात दोघांच्याही पद्धतीत थांबतो. एकीत खाण्याची वेळच नसते म्हणून, दुसरीत आधी काही धड खाल्लेलं असतं म्हणून. वजन उतरतं ते त्या थांबलेल्या हातामुळे.

हे तपासूनही पाहिलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक कमी चरबीचा, एक कमी पिष्टाचा (म्हणजे कर्बोदकांचा). २०१८ साली निकाल आला: सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे नाव घेण्याजोगा फरक नाही. एकाच गटातल्या माणसामाणसांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या अभ्यासात १३९ जणांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या. अर्ध्यांनी त्या दिवसातल्या ठरावीक आठ तासांतच खाल्ल्या, बाकीच्यांनी दिवसभरात. वर्षाअखेर तिथेही ठळक फरक निघाला नाही. म्हणून घड्याळ कोणतं निवडायचं ते तुमच्या दिनक्रमावर ठरवा. तुम्हाला मी तीन जेवणं आणि संध्याकाळी साडेपाचचं एक ठरलेलं खाणं सुचवेन, कारण दोन जेवणांचा नेम तुमच्याकडे दिवाळीपर्यंतच टिकला. जाऊबाईंना ते वर्षानुवर्षं जमत असेल तर त्यांचंही बरोबरच आहे.

उरलेल्या सल्ल्यांना एकेक प्रश्न विचारा. यात माझ्या ताटातून नेमकं काय कमी होणार? हे मी पुढच्या गणपतीत, माहेरी, लग्नघरी करू शकेन का? सांगणाऱ्याला मी ऐकल्याने पैसे मिळतात का? माझ्या गोळ्या त्याने विचारल्या का? शेकच्या बाई तिसऱ्याच प्रश्नाला अडतात. शेकने वजन उतरतं, पण एका जेवणाच्या जागी पेलाभर पेय आलं म्हणून; डबा संपला की जेवण परत येतं. किटो दुसऱ्या प्रश्नाला अडतं: भात, पोळी, डाळ, फळं सगळं बंद करून मराठी घरात किती महिने राहणार? दुधीच्या रसाबद्दल मात्र काकूंना आजच सांगा. दुधी कधीकधी कडू निघतो, तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो आणि कडू रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. कडू लागला की थुंकायचा, औषध म्हणून गिळायचा नाही. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब झाले तर थेट रुग्णालयात. शिजवण्याआधी टोकाचा तुकडा चाखून दुधीची भाजी करा, ती उत्तम.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाताजाता लिहून गेलात: तेलाचा कॅन. चौघांत पाच लिटर म्हणजे माणशी सव्वा लिटर, दिवसाला ४२ मिलिलिटर, वजनात ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरा, रोजच्या ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. हाच खप महिन्याला तीन लिटरवर आणलात तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे १३५ कॅलरी कमी जातील, आणि कोणासाठीही वेगळं शिजवावं लागणार नाही. उलट दोन लिटरचे पैसे वाचतील.

कसं करायचं? कॅनमधून थेट ओतणं बंद. एक तारखेला तीन लिटर वेगळं काढा आणि त्यातून दर रविवारी ७०० मिलिलिटर बाटलीत भरा. बाटली शुक्रवारी संपली तर कुठे गेलं ते घरातल्या सगळ्यांना आठवेल. स्वयंपाकघरात चहाचा चमचा ठेवा, तो ५ मिलिलिटरचा. चौघांच्या भाजीला तीन चमचे, आमटीला दोन. इथे बहुतेकींचं गणित बिघडतं ते फोडणीत. मोठ्या कढईत दोन चमचे तेल पसरून जातं, मोहरी तडतडत नाही, जिरं करपतं, आणि हात पुन्हा कॅनकडे जातो. फोडणी छोट्या लोखंडी कढल्यात करा, कढलं तिरकं धरा म्हणजे मोहरी तेलात बुडेल, मग ती भाजीवर ओता. कांदा परततानाच मीठ घाला, त्याला पाणी सुटतं. झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवा, तळाला लागू लागली तर झाकणावरचंच गरम पाणी शिंपडा. वांगी तेल पितात, ती आधी वाफवून घ्या. बटाट्याच्या काचऱ्या मात्र तेलाशिवाय होत नाहीत; त्या महिन्यातून दोनदा करा आणि चवीने खा.

दाण्याचं कूट हेही अर्धं तेलच. त्यात प्रथिनं आहेत म्हणून ते काढायचं नाही, पण चौघांच्या भाजीत मुठीने न घालता दोन मोठे चमचे मोजून घाला.

भाकरीने काटा का हलला नाही, याचं उत्तर पिठात आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, १०० ग्रॅमला ३४० ते ३५०. पातळ फुलक्याला २५ ग्रॅम पीठ लागतं, घरच्या भाकरीला सहज ७५. तीन फुलके म्हणजे एक भाकरी, हा सरळ हिशेब. एकदा काट्यावर गोळा ठेवून पाहा. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावायला वेळ लागतो, म्हणून ती चांगलीच, पण एक. घडीच्या पोळीला घडीत तेल, वरून तेल. चार पोळ्यांत कॅनचा बराच हिस्सा जातो. घडीला थेंबभर लावा, वरचं बंद करा.

उपासाचं थोडक्यात: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाणे, तूप, बटाटा. खिचडीची एक भरली ताटली रोजच्या जेवणाइतकीच पडते आणि पोट लवकर रिकामं होतं. श्रद्धेने उपास करत असाल तर वरी-भगर, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. वजनासाठी करत असाल तर सोडून द्या.

चहा सोडू नका. चार कपांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, १६० कॅलरी, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. दर दहा दिवसांनी प्रत्येक कपातून अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात अर्ध्या चमच्यावर याल आणि जिभेला कळणारही नाही. एकदम बंद केली तर चौथ्या दिवशी बिस्किटं वाढतात. गूळ घातल्याने फरक पडत नाही, कॅलरी त्याच. चहाबरोबरची खारी मात्र बंद, तिचा प्रत्येक पापुद्रा वनस्पती तुपावर उभा आहे.

संध्याकाळची वेळ हा तुमचा खरा कसोटीचा तास. बहुधा एक वाजता डबा, घरी पोचायला साडेसहा, मधे नुसता चहा. मग कुकर होईपर्यंत चिवडा. साडेपाचला कचेरीतच मूठभर फुटाणे (३० ग्रॅम, साधारण ११० कॅलरी) आणि एक पेरू किंवा केळं खा. फरसाण किलोने न आणता पाव किलो आणा, वरच्या फळीवर ठेवा, आणि खायचंच झालं तर वाटीत काढून, बसून. डब्यातून उभ्याने खाल्लेलं मोजता येत नाही. तसंच पातेल्यात उरलेला भात. 'टाकायचा कसा' म्हणून तो रात्री घरातली बाईच संपवते. माणशी ४० ग्रॅम तांदूळ मोजून लावा. उरलाच तर तो लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये. सकाळी त्याचा फोडणीचा भात होईल आणि तो तेव्हा नाश्ता असेल, पोह्यांवर जादा नव्हे.

प्रथिनांकडे लक्ष द्या, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. रोज ५० ते ५५ ग्रॅम हवीत. पळीवाढं पातळ वरण त्यात फारसं काही देत नाही. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ किंवा तेवढ्या डाळीचं घट्ट वरण ७ ग्रॅम, एक अंडं ६, दीडशे ग्रॅम दही साडेचार ते पाच. पोह्यांत मोड आलेली मटकी घाला, डब्यात भाजीच्या जोडीला उसळ. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, मग पोळी घ्या. दुसऱ्या पोळीनंतर थांबावंसं वाटेल.

चालणं हवंच, पण पाऊण तास भरभर चालून दीडशे-दोनशे कॅलरी जळतात, एक वडापाव त्याहून जास्त. म्हणून चालण्याचा हिशेब खाण्याशी मांडू नका. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाला, साखर आटोक्यात राहायला ते तुम्हा दोघांच्या उपयोगाचं. खुर्चीतून हात न लावता उठा-बसा, दहादहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. गुडघा दुखत असेल तर खुर्ची उंच घ्या.

वजन दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज करू नका. मीठ, पाळी, बद्धकोष्ठ यांनी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि तुम्ही उगाच रडाल. चार सोमवारांची सरासरी मागच्या चारांशी ताडून पाहा. टेपही आणा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरची मर्यादा धरतात. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९ आहे, भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा मोजतात, तेव्हा वजन उतरवायचा विचार रास्तच आहे. पहिलं लक्ष्य साडेतीन किलो, तीन महिन्यांत. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखरेवर परिणाम दिसतो. दोन महिन्यांनी काटा अडला तर आधी बाटली, मग साखर पुन्हा मोजा. तिथेच सैलावलेलं असतं.

थायरॉइडला दोष देऊ नका. टीएसएच २.८ म्हणजे गोळी आपलं काम करते आहे. फक्त ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या ते एका तासाने, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी.

तुमच्या यजमानांचं वेगळं आहे आणि ते मनावर घ्या. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण चुकवल्यावर घाम, थरथर, गरगरणं, बेशुद्धीही येऊ शकते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर भाचीचं किटो त्यांनी अजिबात करू नये, रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. दोनदा जेवायचं तर डॉक्टर आधी गोळीची मात्रा बदलतील, मग सुरुवात. तोवर त्यांची जेवणं होती त्याच वेळी चालू द्या, घरात साखर मोजायचं यंत्र ठेवा, आणि कधी घाम फुटून हात थरथरले तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.