आणखी काही घेणार?

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की जळगावात नऊ वर्षं मी ‘गुप्त गिऱ्हाईक’ होते. बर्गर-पिझ्झाच्या दुकानांत साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, खायचं, आणि घरी येऊन त्या दुकानाचा अहवाल लिहायचा. मिस्टरी शॉपिंग म्हणतात ते हेच. त्या एका वाक्यावर एकवीस पत्रं आली. एकानं तर ‘मावशी, तुम्ही सीआयडीत होत्या का?’ असं विचारलंय. नव्हते. पर्समध्ये मोबाईल आणि मोबाईलमध्ये स्टॉपवॉच, एवढंच माझं हत्यार. सहा पत्रं घेतली आहेत, बाकीच्यांचे प्रश्न त्यातच येऊन जातात.

मावशी, मी भुसावळला बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. असं काम खरंच असतं का? फुकट खायला आणि वर पैसे? मला जमेल का? – एक विद्यार्थिनी

काम खरं असतं. फुकटचं नसतं. मोठ्या साखळीतली कंपनी तुला स्वतः नेमत नाही. ती हे काम एका तपासणी संस्थेला देते आणि ती संस्था तुझ्या-माझ्यासारख्यांना. आधी पाच-सहा पानी सूचना येतात. त्या वाचल्यात की नाही हे बघायला छोटी परीक्षा असते. मग ठरतं: अमुक दुकान, अमुक तारखांच्या आत, दुपारी बारा ते तीनमध्ये जायचं, अमुक पदार्थ मागवायचा.

आत शिरल्यापासून तू कामावर. कुणी नमस्कार केला का, किती जण रांगेत होते, छातीवरच्या पट्टीवर नाव काय होतं. नाव विचारायचं नाही, वाचायचं. ऑर्डर सांगून संपली की घड्याळ सुरू, ट्रे हातात आला की बंद. फ्राईज पहिल्या दोन मिनिटांत खायच्या, कारण ‘गरम होत्या का’ हे नंतर लिहिता येत नाही. टेबल चिकट होतं का. मग स्वच्छतागृह. तिथे साबण, पाणी, आणि दाराच्या मागे टांगलेला तक्ता, ज्यावर दर तासाला साफसफाईची सही हवी. एका ठिकाणी मी साडेबाराला गेले, तर तक्त्यावर दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या! आणि सगळी टिपणं तिथेच, आतून कडी लावून, मोबाईलवर. बाहेर टेबलावर लिहीत बसलीस तर दुकानातलं शेंबडं पोरही तुला ओळखेल.

अवघड काम पुढे, घरी आल्यावर. बिलाचा फोटो आणि साठेक प्रश्नांचा तक्ता चोवीस तासांत पाठवायचा. ‘मुलगा उद्धट होता’ असं लिहिलं की अहवाल परत येतो. ‘माझ्याकडे न बघता पैसे घेतले’ असं लिहावं लागतं. डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, मनात आलं ते नाही. हे कळायला माझे चार अहवाल परत यावे लागले. पुढे घरातल्या भांडणातही मला याचा फार उपयोग झाला, पण तो विषय वेगळा.

पैसे? माझ्या वेळी ठरलेल्या मर्यादेपर्यंतचं बिल परत आणि वर दीडशे-दोनशे रुपये. तेही महिना-दीड महिन्यानं. भुसावळ-जळगाव जायचं-यायचं भाडं तुझं. एकदा १८० रुपयांच्या मर्यादेत मी २४० चं खाऊन आले, साठ रुपये अंगावर पडले. एकाच दुकानात लागोपाठ पाठवतही नाहीत, काही महिने जाऊ द्यावे लागतात. म्हणजे आपल्या भागात महिन्याला दोन-तीन कामं झाली तर खूप. फीचे पैसे निघाले तर निघाले. पोट यावर भरत नाही, बर्गरनंसुद्धा.

टेलिग्रामवर ‘मिस्टरी शॉपर पाहिजेत’ असा मेसेज आला. पहिल्या कामाचे १५० रुपये खात्यात जमाही झाले. आता पुढच्या कामासाठी ५,००० भरा म्हणतात, दुप्पट मिळतील. भरू का? – एक वाचक, शिरपूर

नका भरू. ते दीडशे रुपये गळाला लावलेलं गांडूळ आहे. खऱ्या कामात तुम्ही दुकानदाराला खाण्याचे पैसे देता आणि ते बिलावर परत मिळतात. काम देणाऱ्याच्या खात्यात तुम्ही एक रुपयाही टाकत नाही. नोंदणी फी नाही, अनामत नाही, ‘लेव्हल’ नाही. कुणी भरले असतील तर लाजत बसू नका, आत्ताच्या आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला, तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त.

ताई, मी जळगावात एका बर्गरच्या दुकानात काउंटरला आहे. गेल्या महिन्यात गुप्त गिऱ्हाइकाच्या रिपोर्टमुळे आमच्या पूर्ण दुकानाचा इन्सेंटिव्ह गेला. कारण काय, तर रविवारी संध्याकाळी, दारापर्यंत रांग असताना, मी त्यांना ‘कॉम्बो करू का’ विचारलं नाही. तुम्ही लोक कोणाच्या बाजूनं असता? – काउंटरवरचा एक मुलगा

तुझ्या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा त्यात मी स्वतःची बाजू घेत होते.

२०१६ सालची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा रविवार, खरेदीला आलेलं अर्धं जळगाव त्या दुकानात. काउंटरला तुझ्याच वयाचा एक मुलगा होता. माझ्या पुढे एक म्हातारी, नऊवारीतली, नातवाचा हात धरून. पाटीवरचं तिला वाचता येईना. त्यानं मागची रांग बघितली, तरी वाकून विचारलं, ‘आजी, तिखट चालतं का?’ आणि आतल्या मुलाला सांगितलं, मसाला कमी टाक. मग माझा नंबर आला. घाईत त्यानं माझी ऑर्डर घेतली, पैसे घेतले, बरोबर सुटे दिले. मोठं करू का, सोबत काही देऊ का, हे विचारलं नाही.

माझ्या तक्त्यात प्रश्न होता: ‘कर्मचाऱ्यानं मोठा आकार किंवा जास्तीचा पदार्थ सुचवला का? हो / नाही.’ आजीबद्दलचा प्रश्न नव्हता. मी ‘नाही’वर खूण केली, कारण खरं तेच होतं. आजीचं मी शेवटी शेऱ्यात लिहिलं. संस्थेचं उत्तर आलं, शेरा या विभागाशी संबंधित नाही, काढावा. मी काढला. फीचे दोनशे रुपये वेळेवर आले.

तर बाजू कोणाची? साठातले बरेच प्रश्न गिऱ्हाइकाच्या बाजूचे असतात: हात धुतले का, अन्न गरम होतं का, बिल दिलं का. पण हा एक प्रश्न गिऱ्हाइकाचा नाही. त्यात आम्ही दुकानाच्या गल्ल्याची चौकशी करतो, गिऱ्हाइकाचा मुखवटा घालून. तुला ते वाक्य पाठ करायला लावतात, आणि तू ते म्हणतोस की नाही हे बघायला मला पाठवतात. मी नऊ वर्षं हे केलं. शेवटी सोडलं ते यामुळे नाही, गुडघ्यांमुळे. उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

आता कामाचं. महिन्याच्या एका भेटीवरून दुकान जोखतात, ही या पद्धतीतली खोट आहे, आणि ती चालवणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून बहुतेक ठिकाणी अहवालावर हरकत घेता येते. मुदत थोडीच असते. मॅनेजरला पूर्ण अहवाल दाखवायला सांग, नुसते गुण नको. त्यातली वेळ बिलावरच्या वेळेशी लावून बघ. माझ्या दोन अहवालांवर दुकानांनी हरकत घेतली होती आणि एकात चूक माझी निघाली: सात वाजून दहाचं बिल आणि मी लिहिलं होतं सात चाळीस. त्या दिवशीच्या त्या तासात किती बिलं फाटली, ती यादी मशीनमधून निघते. तीही जोड. रांग होती हे तोंडी सांगू नकोस, आकडा दे.

ताई, आमचे हे दर रविवारी मुलांना घेऊन पिझ्झा-बर्गर खायला जातात. हजाराला हात लागतोच. सासूबाई प्रत्येक वेळी म्हणतात, ‘घरमा भाकर नही का?’ दोघांच्या मध्ये मी. खर्च कमी कसा करू? – एक सूनबाई, अमळनेर

हजार कसे होतात ते आधी बघा. समजा बर्गर १२० चा. चार माणसं, ४८०. ‘कॉम्बो करू का?’ हो म्हटलं, माणशी २३० झाले. ‘चाळीसच रुपयांत लार्ज होईल.’ बरं, करा. २७०. चौघांचे १,०८०, वर पाच टक्के जीएसटी, ११३४. भूक तेवढीच होती, ‘हो’ दोनदा म्हटलं गेलं. थंड पेयाचे तीन ग्लास बघा: छोटा ६०, मधला ९०, मोठा १००. मधला ग्लास खपावा म्हणून नसतो, मोठा स्वस्त वाटावा म्हणून असतो. आणि जिथे आता पडद्यावर बोट लावून ऑर्डर देतात, तिथे न थकता, न लाजता पडदाच विचारत राहतो. रांग मोठी आहे म्हणून तो प्रश्न गाळत नाही.

सासूबाईंना एवढं सांगा, की हे एकट्या तुमच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत गावांत माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरांत ६,९९६. खाण्यापिण्यातली सगळ्यात मोठी बाब धान्य नाही, दूधही नाही. पेयं, नाश्ता आणि तयार पदार्थ ही आहे. शहरांत एकूण खर्चाच्या ११.०९ टक्के, गावांत ९.८४. टपरीवरचा चहा आणि बिस्किटाचा पुडाही त्यातच आला. म्हणजे सासूबाईंचा चार वाजताचा फरसाणही. (हे मात्र सांगू नका.)

आणि यजमानांच्या हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचा हिशेब कधी कुणी मागितलाय? शेतात तुराट्यांवर वांगी भाजायची, वीस माणसं, तेल, शेंगदाणे, पुऱ्यांचं पीठ. खर्च होतोच. बिल येत नाही म्हणून तो दिसत नाही.

उपाय म्हणून रविवार बंद करू नका. बंद केलेला रविवार बुधवारी फुटतो. मोठ्या मुलाच्या हातात रोख ५०० ची नोट द्या, मोबाईलवरून पैसे द्यायचे नाहीत. ऑर्डर तोच देईल, उरतील ते त्याचे. माझ्या नातीवर हा प्रयोग केला. पहिल्या रविवारी सगळे संपवून पाण्यासाठी माझ्याकडे आली. दुसऱ्या रविवारी काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, ‘दादा, नुसता बर्गर. बाकी काही विचारू नका.’

मी निवृत्त आहे, बिल बारकाईनं वाचतो. सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि पाण्याच्या बाटलीचे जादा पैसे, यातलं काय नाकारता येतं? – एक वाचक, देवपूर, धुळे

सर्व्हिस चार्ज नाकारा. तो बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. जीएसटी बहुतेक ठिकाणी पाच टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. पण छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर सरसकट कर भरायची योजना) असेल तर ते तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही, आणि तसं बिलावर छापावं लागतं. बाटलीचं मात्र तुमच्या विरुद्ध आहे: बसवून वाढणाऱ्या हॉटेलाला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलंय. तिथे बाटली नको, साधं पाणी मागा. स्टेशनवरच्या स्टॉलला ही सवलत नाही. तक्रारीला १९१५, ही ग्राहक हेल्पलाइन.

आमचा नंदुरबारजवळ हायवेला शेवभाजीचा धाबा आहे. गिऱ्हाईक पहिल्यासारखं परत येत नाही. आम्हाला असा गुप्त माणूस लावता येईल का? काय करानं सांगा. – एक धाबेवाले

लावता येईल, आणि संस्था वगैरे नको. पण मेहुण्याला पाठवू नका, तुमचे सगळे वेटर त्याला ओळखतात. नाशिक-सुरतला जाणारी ओळखीतली दोन-तीन कुटुंबं धरा, जेवणाचे पैसे तुम्ही द्या, वेगवेगळ्या वेळी पाठवा. एकदा रात्री अकरानंतरही. कागदावर पाचच प्रश्न: बसल्यावर पाणी किती मिनिटांनी आलं? रस्सा शेवटच्या घासापर्यंत गरम होता का? शेव ताटात येईपर्यंत कुरकुरीत होती की आधीच टाकून तिचा लगदा झाला होता? कांदा-लिंबू मागावं लागलं का? बायकांना संडास दाखवायची लाज वाटली का? शेवटचा प्रश्न वगळू नका. हायवेवर गाडी कुठे थांबवायची ते घरातली बाई ठरवते, आणि ती भाजीच्या चवीवरून ठरवत नाही.

‘आणखी काही घेणार?’ हा प्रश्न त्यात घालू नका. रस्सा न मागता दुसऱ्यांदा वाढा.

एका भेटीला मी येईन. दिवस सांगणार नाही. आणि पाटीवर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी लिहून ताटात साधी ज्वारीची आली, तर तसंच लिहून पाठवीन.