पॉडकास्टसाठी पाटल्या गहाण ठेवू नका

कराडहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३८. घरी पत्नी, दोन मुलं आणि आई. लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल काढून विकतात. महिन्याला हजारभर लिटर तेल जातं. कराड, सातारा आणि पुण्यातल्या काही सोसायट्या मिळून २२० घरं ठरलेली आहेत. सगळा खर्च जाऊन लिटरमागे ६० रुपये सुटतात. एका एजन्सीने त्यांच्यापुढे पॉडकास्टचं पॅकेज ठेवलं आहे: सहा महिने, २४ भाग, ३ लाख ६० हजार रुपये आणि १० हजार सबस्क्रायबरची हमी. त्यांचा प्रश्न असा: ‘बँकेत माझी वर्षाला दीड लाखाची एफडी आहे. दोन वर्षं भरली, तिसरा हप्ता डिसेंबरात आहे. पॉडकास्टसाठी ती मोडू, की पत्नीच्या पाटल्या आणि गंठण सोनेतारणात ठेवू?’

सोनं घरातच राहू द्या. वहिनींनी ‘चालेल’ म्हटलं असलं तरी राहू द्या. आणि जी मोडायची म्हणता, ती एफडी नाहीच.

एफडीत पैसे एकदा ठेवतात. ती दर डिसेंबरला नवे दीड लाख मागत नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी ओळ आहे, ‘त्यावर १५ लाखांचा विमा फुकट मिळतो, दहा वर्षं भरायचे, १५ वर्षांनी २४ लाख मिळणार, करही वाचतो, आणि मॅनेजर म्हणाले पाच वर्षांनी कधीही मोडता येते.’ ही सरळ सरळ विमा पॉलिसी आहे. घाण्याच्या कर्जासाठी बँकेत गेलात आणि कर्जाच्या कागदांसोबत हिच्यावरही सह्या करून आलात. अशी पत्रं मला इतकी येतात की आता राग आवरत नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या गरजेचा असा फायदा घेणं ही फसवणूकच आहे.

हिशेब बघा. दहा हप्त्यांत १५ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी २४ लाख घ्यायचे. ऐकायला नऊ लाखांचा फायदा. वर्षाचा दर काढला तर साडेचार टक्के. पीपीएफवर आज ७.१ टक्के मिळतात. सोनेतारणाला तुम्ही १२ टक्के देणार आहात. कर वाचतो म्हणावं, तर नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्याची वजावट नाही, आणि तुमच्या सव्वासात लाखांच्या उत्पन्नावर त्या प्रणालीत करच बसत नाही. मग वाचलं काय? आणि १५ लाखांचा ‘फुकट’ विमा तुमच्या घराला दोन-अडीच वर्षं पुरेल. तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर, साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा (त्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) वर्षाला साधारण पंधरा-वीस हजारांत मिळतो. तो आधी घ्या. कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा पत्रात उल्लेखच नाही. नसेल तर तोही याच महिन्यात घ्या.

पॉलिसी आज सोडली तर भरलेल्या तीन लाखांतले तीस-पस्तीस टक्के, म्हणजे लाखभर हातात येतील असं धरू. दोन लाख गेले. हे वाचताना पोटात खड्डा पडेल, पण ते पैसे सह्या केल्या त्याच दिवशी गेले आहेत. गेलेलं बाजूला ठेवून इथून पुढचा हिशेब केला, तर उरलेले आठ हप्ते भरत राहण्यावर सव्वासहा टक्क्यांच्या आसपास पडतात. ज्याच्याकडे पैसा पडून आहे, त्याला मी कदाचित ‘भरत राहा’ म्हणालो असतो. तुम्हाला म्हणणार नाही. तुमच्या धंद्याला रोकड लागते, आणि हा हप्ता नेमका ती लागते त्या महिन्यात येतो. त्यावर पुढे लिहितो. सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी सोडून मिळेल ते घ्या, किंवा पेड-अप करून हप्ते थांबवा, म्हणजे पॉलिसी कमी रकमेवर चालू राहील. दोन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि मला पाठवा.

तक्रारही करा. मॅनेजरने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे स्वतःच्या हाताने ‘एफडी, ५ वर्षे’ असं लिहून दिल्याचं तुम्ही म्हणता. ते कार्ड जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार द्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. तुमची सही छापील कागदावर आहे, त्यामुळे जिंकालच असं मी म्हणत नाही. पण हस्ताक्षरातला पुरावा फार थोड्यांकडे असतो. तुमच्याकडे आहे.

आता पॉडकास्ट. पैसे कुठून आणू, हे तुम्ही विचारलंत. पैसे घातले तर गिऱ्हाईक येईल का, हे विचारलंच नाहीत. ते एजन्सीने आधीच तुमच्या मनात पक्कं करून टाकलंय.

पॅकेजचे ३ लाख ६० हजार आणि वर्षाचं व्याज धरून चार लाख. एक घर महिन्याला चार लिटर तेल घेतं, म्हणजे तुम्हाला २४० रुपये सुटतात, वर्षाला २,९०० धरू. चार लाख नुसते भरून निघायला १४० नवी घरं हवीत, आणि तीही वर्षभर टिकलेली. २२० घरं जोडायला तुम्हाला चार वर्षं लागली आहेत. एजन्सीच्या १० हजारांतली १४० घरं कुठली? तुमचा टेम्पो कराड, सातारा आणि पुणे एवढाच फिरतो. नागपूरचा किंवा दुबईचा श्रोता मन लावून सगळे भाग ऐकेल, पण पाच लिटरचा डबा कुरिअरने पाठवायला गेलात की नफा वाटेतच संपेल. तुमच्या धंद्याला श्रोता किती यापेक्षा तो राहतो कुठे, हे जास्त महत्त्वाचं.

जाहिरातींतून खर्च निघेल, असंही तुम्हाला सांगितलंय. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १ हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४ हजार तास पाहणं लागतं. (शॉर्ट्सची वाट वेगळी आहे, तिथे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात.) एक माणूस सरासरी १२ मिनिटं ऐकतो असं धरलं, तर ४ हजार तासांसाठी २० हजार वेळा ऐकलं जावं लागेल. २४ भागांत वाटले तर प्रत्येक भागाला आठशेच्या वर. आणि एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘प्रमोशन’ म्हणून जे ९० हजार लावलेत, त्या पैशांनी जाहिरात करून मिळवलेले तास यूट्यूब या चार हजारांत धरत नाही. म्हणजे ज्या पैशांनी आकडा फुगवायचा, तो आकडा कमाईसाठी मोजलाच जात नाही. हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आकड्यांवर एवढा विश्वास ठेवू नका. ऑडिओ अ‍ॅपवर ‘डाउनलोड’ म्हणजे ऐकणं नव्हे. या धंद्यात मान्य असलेल्या मोजणीत एक मिनिटाचा आवाज फोनमध्ये उतरला की डाउनलोड धरतात, मग माणूस झोपलेला का असेना. २०२३ च्या सप्टेंबरात आयफोनच्या नव्या प्रणालीने न ऐकलेल्या कार्यक्रमांचं आपोआप उतरणं आवरलं, तेव्हा चांगल्या चांगल्या कार्यक्रमांचे आकडे खाली आले. ऐकणारा कुठे गेला नव्हता, न ऐकणारा मोजला जाणं थांबलं होतं. पॉडकास्ट होस्ट करणाऱ्या बझस्प्राउट कंपनीच्या आकड्यांवरून, पहिल्या सात दिवसांत तिसाच्या आसपास डाउनलोड झाले तरी तो भाग त्यांच्याकडच्या वरच्या निम्म्यात बसतो. तीस! आणि तुम्हाला हमी मिळते आहे दहा हजारांची. विकत आणलेले सबस्क्रायबर तेल घेत नाहीत, आणि यूट्यूब ते अधूनमधून पुसूनही टाकतं.

एजन्सी म्हणते, ‘सेलिब्रिटी पाहुणे आणू, त्यांचे फॉलोअर तुमचे होतील.’ होत नाहीत. माणसं त्या पाहुण्यासाठी येतात, तो भाग ऐकतात आणि त्याच्याबरोबर निघून जातात. घाण्याचं नाव लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

दर आठवड्याला टाकत राहिलं की अल्गोरिदम उचलतो, हेही अर्धंच खरं आहे. नियमितपणा आधीच्या श्रोत्याला धरून ठेवतो, नवा आणत नाही. नवा माणूस बहुतेक वेळा दोन वाटांनी येतो: कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, नाहीतर त्याने स्वतः प्रश्न टाइप करून शोधलेलं असतं. पॉडकास्टचं ‘आरोग्यसंवाद’ असलं नाव कोण शोधणार? ‘घाण्याच्या तेलाला तळताना फेस का येतो’ हे लोक शोधतात.

एका गोष्टीची मला खरी धास्ती वाटली. एजन्सीने पहिल्या भागाचं नाव सुचवलंय, ‘तेल बदला, हृदयविकार टाळा’. हे अजिबात करू नका. तुम्ही अन्नपदार्थ विकता. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम तुम्हाला लागू आहेत, आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. कायद्याच्या लेखी इंटरनेटवरचं बोलणंही जाहिरात ठरतं. दंड जाहिरात करणाऱ्याला आणि तिच्यात सहभागी असलेल्यालाही होतो, आणि परवाना तुमच्या नावावर आहे.

करारातलं सातवं कलमही वाचा. चॅनेल आणि फीड (वेगवेगळ्या अ‍ॅपना तुमचे भाग पुरवणारा दुवा) एजन्सीच्या खात्यावर राहणार आहे. म्हणजे सहा महिन्यांनी पैसे थांबले की श्रोतेही त्यांचेच. २०२४ मध्ये गुगलने स्वतःचं पॉडकास्ट अ‍ॅप बंद केलं. कार्यक्रमाचं फीड ज्यांच्या स्वतःच्या हातात होतं, त्यांचे कार्यक्रम दुसऱ्या अ‍ॅपवर तसेच चालू राहिले. खातं तुमच्या ई-मेलवर, पासवर्ड तुमच्याकडे. यात तडजोड नको.

पॉडकास्ट करूच नका, असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रातलं लिहिणं गोड आहे, शेंग हातात घेऊन तुम्ही तिच्याबद्दल बोलू शकता, आणि हे विकत मिळत नाही. तुमचे पहिले श्रोतेही तयार आहेत. ती २२० घरं व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला रोज काहीतरी विचारत असणार. तळाशी गाळ का बसतो, वास इतका उग्र का, रिफाइंडपेक्षा दाम एवढा जास्त का, तळलेलं तेल पुन्हा किती वेळा वापरावं. शेवटच्या प्रश्नावर तर नियमच आहे: २०१८ पासून तळणीच्या तेलातली पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही. हे सोप्या भाषेत सांगणारा घाणेवाला लोकांना हवा आहे. तीन-चार हजारांचा कॉलर माइक घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, घाणा थांबलेला असताना बारा-पंधरा मिनिटं बोला. एका भागात एकच प्रश्न, आणि भागाचं नाव तोच प्रश्न. एडिटिंगला कॉलेजातला एखादा मुलगा धरा. आठ भागांचा सगळा खर्च १५ हजारांत बसवा.

भाग आधी त्या २२० घरांना पाठवा आणि सांगा, शेजारच्यांना पाठवा. पुण्याच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर गेलेला भाग तुम्हाला अनोळखी हजार सबस्क्रायबरपेक्षा जास्त देईल, कारण तिथे तुमचा टेम्पो आधीच थांबतो. नव्या गिऱ्हाइकाला एकच विचारा, ‘कुठून कळलं?’ आणि वहीत लिहा. आठ भागांत पाच-सहा घरं आली तर वर्षात खर्च निघाला, मग पुढचे आठ करा. एकही आलं नाही तर १५ हजार गेले. चार लाख जाणार नाहीत, पाटल्या जाणार नाहीत.

आणि आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मे महिन्यात रोकड नव्हती म्हणून दाणा उधारीवर उचलला, तो किलोला १२ रुपये महाग पडला. एका लिटरला तुमच्याकडे अडीच किलो दाणा लागतो. म्हणजे लिटरमागे ३० रुपये गेले. सुटतात ६०! तुमचा निम्मा नफा उधारीवर घेतलेल्या दाण्यात जातो आहे, आणि तुम्ही गिऱ्हाईक वाढवायला निघालात. गिऱ्हाईक वाढलं तर उधारीही वाढेल. नवी शेंग दिवाळीच्या सुमारास बाजारात येते. त्या दोन महिन्यांत ज्याच्या हातात पैसा असतो, तो वर्षाचा माल भरतो. नेमक्या त्याच डिसेंबरात तुमचे दीड लाख पॉलिसीत जातात. त्या दीड लाखांत, १२० रुपयांनी धरला तर साडेबाराशे किलो दाणा येतो, आणि मे महिन्याच्या भावाशी ताडून पाहिलं तर १५ हजार जागेवर वाचतात. पॉडकास्टचे आठ भाग त्यातच निघाले. शेंग कोरड्या जागी साठवायची सोय आहे ना, एवढं मात्र आधी बघा.

या आठवड्यात तीन कामं करा. एजन्सीला नकार कळवा, फोनवर नको, लिहून. टर्म विम्याचा अर्ज भरा, कारण ते छत्र लागू होईपर्यंत जुनी पॉलिसी सरेंडर करायची नाही. आणि बँकेत जाऊन पॉलिसीच्या हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. तुम्ही लिहिलंय की हप्ता १२ तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्म विमा हातात यायला हवा. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका, आणि त्या वेळी पुन्हा काही ‘नवीन योजना’ पुढे केली, तर सही न करता घरी या.