वाचक विचारतात: बूट नव्हते म्हणून फुटबॉलचा वर्ल्डकप हुकला का?

प्रश्न: आमच्या ऑफिसात पैज लागलीय. 1950 च्या वर्ल्डकपला भारत गेला नाही कारण आपले प्लेयर अनवाणी खेळायचे आणि फिफाने (फुटबॉलची जागतिक संघटना) नको म्हटलं, हे खरं आहे का? (नाशिक)

ही गोष्ट मी पण शाळेत असल्यापासून ऐकतोय, आणि ऐकायला इतकी भारी आहे की खोटी म्हणवत नाही, पण खरं कारण ते नव्हतं. अनवाणी खेळणं खरं आहे. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बहुतेक जण बुटांशिवाय, नुसत्या पट्ट्या बांधून फ्रान्ससमोर उतरले होते, आपल्या रामनने बरोबरीचा गोल केला, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी फ्रान्सने गोल टाकून 2-1 ने मॅच नेली. त्या दोन पेनल्टी अजूनही जिवाला लागतात बघा.

1950 ला मात्र क्वालिफायिंगमधून बाकीच्या टीम हटल्या म्हणून आपल्याला आयतं तिकीट मिळालं होतं, इटली, स्वीडन आणि पॅराग्वेसोबत ग्रुप पण ठरला होता. पण आपल्या फुटबॉल फेडरेशनला तेव्हा ऑलिम्पिक हेच सगळ्यात मोठं वाटायचं, वर्ल्डकपची किंमत कुणाला कळलीच नव्हती, त्यात ब्राझीलचा लांबचा प्रवास, मग प्रॅक्टिसला वेळ नाही, टीम निवडीचा घोळ अशी कारणं देऊन नाव मागे घेतलं. बूट कंपल्सरी झाले ते पुढे, 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ल्यावर.

प्रश्न: मी नववीत आहे, आमच्याकडे पेठांच्या मॅचला स्टेडियम भरतं पण इंडियाची मॅच कुणी बघत नाही. भारतासाठी सगळ्यात जास्त गोल कुणाचे? (कोल्हापूर)

सुनील छेत्री. जून 2024 ला रिटायर झाला तेव्हा 151 मॅचमध्ये 94 गोल होते, मग मार्च 2025 ला परत आला आणि मालदीवविरुद्ध शिलाँगला 95 वा टाकला. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये देशासाठी त्याच्याहून जास्त गोल फक्त रोनाल्डो, मेस्सी आणि इराणच्या अली दाईचे. तू म्हणतेस ते त्यालाही लागलं होतं. 1 जून 2018 ला अंधेरीत चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) 5-0, त्याची हॅट्ट्रिक, आणि बघायला माणसं 2,569! दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकून हात जोडले की आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियममध्ये या. 4 तारखेला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती, मी गेलो होतो, धो धो पाऊस, अंगावरचे कपडे पिळून काढायची वेळ आली तरी कुणी उठेना, 3-0 जिंकलो त्यात दोन त्याचेच. आणि हो, 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपच्या भारतीय टीममध्ये तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे वर्गात नक्की सांग.

प्रश्न: ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला एशियन प्लेयर गोंयकार होता असं माझे पप्पा सांगायचे. (म्हापसा)

पप्पा बरोबर होते. नेविल डिसोझा, मूळ तुमच्या जवळच्याच आसगावचा, खेळला मुंबईत टाटाच्या टीमकडून. 1 डिसेंबर 1956, मेलबर्न, समोर यजमान ऑस्ट्रेलिया, म्हणजे पब्लिक पण त्यांचीच, आणि आपण 4-2 ने जिंकलो त्यातले तीन गोल नेविलचे. पहिल्या राउंडला हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपण थेट क्वार्टर फायनलला होतो हे मान्य, पण ऑस्ट्रेलियाला हरवलं ते खेळूनच ना. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पण पहिला गोल आपलाच, पुन्हा नेविलचाच, काही मिनिटं आपण पुढे होतो, मग 4-1 ने हरलो. ब्राँझच्या मॅचला बल्गेरियाकडून 3-0 हरून चौथे आलो. चार गोल करून नेविल त्या ऑलिम्पिकचा जॉइंट टॉप स्कोरर ठरला. आणि आज मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल ग्राउंडबाहेर उभं राहून नेविल कोण असं विचारलं तर किती जण सांगतील? मला याचं फार वाईट वाटतं, क्रिकेटवाल्यांची नावं आपल्याला झोपेत पाठ असतात.

प्रश्न: एशियन गेम्सचं गोल्ड आपण शेवटचं कधी जिंकलो? (पुणे)

1962, जकार्ता. त्याआधी 1951 ला दिल्लीत, इराणला 1-0, गोल मेवालालचा. जकार्ताला पहिलीच मॅच साउथ कोरियाकडून 2-0 हरलो होतो. थायलंडच्या मॅचला डिफेंडर जर्नैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले, तर कोच रहीम साहेबांनी त्याला बसवायच्या ऐवजी सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोल मारणाऱ्याच्या जागी, खेळवला! सेमीफायनलला त्याचा गोल, फायनलला परत साउथ कोरियाच समोर, सगळं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडतंय, आणि पी. के. बॅनर्जी एक, जर्नैल एक, 2-1. मेलबर्नच्या टीमचे कोच पण हेच हैदराबादचे रहीम साहेब, मूळचे शाळामास्तर. जकार्ताला होते तेव्हा त्यांना कॅन्सर झालेला होता. 11 जून 1963 ला ते गेले, गोल्डला अजून वर्षही झालं नव्हतं.