इंग्लंडमधलं ‘पॅरिश’ म्हणजे आपली ग्रामपंचायत का?

डर्बीशरमधल्या बेकवेलच्या नकाशात आजूबाजूच्या प्रत्येक खेड्याला ‘पॅरिश’ म्हटलंय, ते चर्चचं की सरकारचं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही. शब्द एकच, हद्दी मात्र दोन, आणि त्या जुळतीलच असं नाही.

मी काही वर्षं शेफिल्डला होतो, तेव्हा बेकवेलला बऱ्याच चकरा झाल्या. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं गाव. सोमवारी बाजार, जनावरांचासुद्धा.

मूळ पॅरिश चर्चचं. उत्पन्नाचा दहावा हिस्सा कुठल्या चर्चला द्यायचा, हे त्या हद्दीवर ठरायचं. बेकवेलचं पॅरिश तर अवाढव्य होतं. अ‍ॅशफर्ड, मोन्यॅश, बॅझलो ही सगळी त्याच्याखाली, खेड्यात फक्त लहानसं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर. 1601च्या कायद्याने गोरगरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवर आली. मग 1662पासून बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडायची सोय झाली. आपल्यावर भार नको, एवढाच हिशोब! 1894 साली चर्चपासून वेगळ्या, निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या. तुमच्या नकाशातली पॅरिश बहुधा हीच.

ग्रामपंचायतीशी तुलना मला अर्धीच पटते. बाकडी, बसथांबे, खेळाचं मैदान, दफनभूमी अशी कामं पॅरिश कौन्सिलकडे. रस्ते आणि शाळा वरच्या कौन्सिलकडे. अगदी छोट्या गावात कौन्सिलही नसते, मतदारच एकत्र बसतात, म्हणजे थेट ग्रामसभा. बेकवेलच्या कौन्सिलला ‘टाउन कौन्सिल’ म्हणतात, पण तीही याच पायरीवरची.

हद्द म्हणजे काय ते मला खरं कळलं ते बेकवेलच्या उत्तरेच्या Eyam नावाच्या खेड्यात. तिथे 1665 साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी रोग बाहेर पसरू नये म्हणून लोकांना गाव न सोडण्याबद्दल राजी केलं. या दोघांचे धार्मिक मतभेद मोठे होते, तरी इथे ते एक झाले. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत सुरू झाली. शेजारच्या स्टोनी मिडलटनच्या वाटेवर हद्दीचा एक दगड आहे, त्याला खळगे आहेत. नाण्यांवाटे रोग जाऊ नये म्हणून त्यात व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवायचे आणि पलीकडचे लोक अन्न ठेवून ती न्यायचे. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली. एकूण 260 माणसं गेली असं मानतात. मॉम्पेसनची बायको कॅथरिन त्यांतलीच.

तो दगड अजून तिथेच आहे, स्टोनी मिडलटनहून चालत जाता येतं. फक्त वाट विचारताना गावाचं नाव ‘इयाम’ म्हणू नका, मी म्हणालो होतो आणि बसमध्ये हशा पिकला. तिथे त्याला ‘ईम’ म्हणतात.