वाक्याचा कर्ता

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा कचेरीला द्यायचा खुलासा तीनदा वाचला. 'मोजमापात तफावत राहिली.' आपणहून राहिली का गं ती? दीड पानात 'मी' शोधून दमलो. सापडली ती फक्त सही.

युलिसिस ग्रँटच्या आठवणी दिल्या, तेव्हा 'काका, नुसत्या लढाया आहेत,' म्हणून तू पुस्तक बाजूला ठेवलंस. अगं, लढाया सोड, त्या माणसाची वाक्यं बघ. अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा सरसेनापती, पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष. १८८४ मध्ये भागीदाराच्या लबाडीने धुळीला मिळाला, वर घशाचा कॅन्सर. बायकोच्या पोटापाण्यासाठी लिहायला बसला. शायलोच्या लढाईवरचा पहिला लेख तुझ्या खुलाशासारखाच होता, सरकारी अहवालाच्या थाटाचा. मासिकाच्या संपादकाने येऊन बोलतं केलं, तेव्हा त्यात माणूस उतरला.

१८६१ ची गोष्ट तरी वाच. मिसूरी राज्यात शत्रूचा कर्नल हॅरिस, त्याच्या छावणीवर चाल करून जाताना, टेकडी चढता चढता याचं काळीज घशाशी आलं. थांबून विचार करायचंही धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून पुढे जात राहिलो, असं स्वतः लिहितो. वर पोचला तर छावणी रिकामी! मी त्याला भीत होतो तेवढाच तोही मला भीत होता, हे त्याला तिथे उमगलं. कर्ता मी. भित्रा मी. झाकलंय काही?

कोल्ड हार्बरच्या लढाईत त्याची हजारो माणसं पडली, त्याबद्दल लिहिताना मात्र तोही कचरला. शेवटचा हल्ला झाला याची मला कायम खंत वाटते, म्हणतो. खंतीला 'मी' आहे, हल्ल्याला नाही. हुकूम त्याचाच होता.

मी कोण बोलणारा? आमच्या कालव्याचा भराव फुटून लोकांचा उभा ऊस गेला, तेव्हा मी अहवालात 'घुशींच्या बिळांमुळे' लिहिलं. घुशी होत्याच, खोटं नाही ते. पण पावसाळ्याआधीची पाहणी मी कचेरीत बसूनच रजिस्टरात भरली होती. बढती तोंडावर होती, धाकटी आजारी होती, साहेबही म्हणाले, 'घुशी पुरेत.' बघ, आजही साहेबच पुढे करतोय. लिहिलं मी.

वेतनवाढ थांबेल का, विचारतेस. थांबेलही. म्हणून कर्ता गाळायचा?

ग्रँट २३ जुलै १८८५ ला गेला. हस्तलिखित हातावेगळं करून जेमतेम काही दिवस झाले होते. तुझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे. पहिलं वाक्य मी खोडलंय, बाकीचं तू खोड.

तुझा काका